उजळणी आणि पुनर्दर्शन : इंग्रजीच्या वर्गातील संज्ञा, शब्दावयव आणि व्याकरण

१

परीक्षा जवळ आली म्हणजे इंग्रजीच्या वर्गात तीन गोष्टींची उजळणी सुरू होते. पहिली वाङ्मयीन संज्ञांची : सिमिली, मेटॅफर, आयरनी, अलिटरेशन, पर्सनिफिकेशन इत्यादी. दुसरी शब्दावयवांची : लॅटिन व ग्रीक भाषांतून आलेले धातू, त्यांच्या आधी जोडले जाणारे आणि मागून लागणारे प्रत्यय. तिसरी व्याकरणाची : शब्दांच्या जाती, काळ, प्रयोग, वाक्यांचे प्रकार. या तिन्हींसाठी बहुधा तीन वेगळ्या याद्या असतात. प्रत्येक यादीत डाव्या बाजूस नाव, उजव्या बाजूस व्याख्या आणि व्याख्येखाली एखादे ठरीव उदाहरण असते. विद्यार्थी याद्या पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवितो, आणि पुढच्या वर्षी त्याच याद्यांची पुन्हा उजळणी करावी लागते.

या पद्धतीवर ‘पोपटपंची’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पाठांतर हा स्वतः दोष नव्हे. ज्या घरात इंग्रजी कानावर पडत नाही तेथून आलेल्या विद्यार्थ्याला व्याख्येची यादी हा पहिला भक्कम आधार असतो. त्यामुळे विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. या तीन याद्या एकमेकींपासून तोडल्यामुळे नेमके काय हरवते, आणि मराठी भाषक विद्यार्थ्याच्या बाबतीत ही हानी दुहेरी का होते, हा तो प्रश्न होय.

‘उजळणी’ या मराठी शब्दाने अंक व पाढे घोकण्याची आठवण होते. तथापि त्याच्या मुळाशी उजळणे, म्हणजे मळलेले पुन्हा लखलखीत करणे, हा अर्थ आहे. त्याच क्रियेला इंग्रजीत जे शब्द आहेत, ‘रिव्ह्यू’ आणि ‘रिव्हिजन’, त्या दोहोंच्या पोटात ‘पुन्हा पाहणे’ ही क्रिया आहे. घोकण्यात नाव टिकते. पुन्हा पाहण्यात नावाने दर्शविलेली वस्तू समोर येते. वर्गातील उजळणी पहिल्या टप्प्यावरच थांबते, ही तिच्यावरील खरी टीका होय.

२

संज्ञा, शब्दावयव आणि व्याकरण हे तीन विषय मुळात वेगळे नव्हते. ॲरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’मधील विसाव्या प्रकरणात भाषेचे घटक सांगितले आहेत : वर्ण, अक्षर, जोडशब्द, नाम, क्रियापद, विभक्ती आणि शेवटी वाक्य. एकविसाव्या प्रकरणाच्या आरंभी साधे नाम व सामासिक नाम असा भेद केला आहे, आणि त्याच प्रकरणात, त्याच विवेचनाच्या ओघात, मेटॅफरची व्याख्या व तिचे चार प्रकार येतात. म्हणजे आज ज्यांना व्याकरण, शब्दसिद्धी आणि अलंकार म्हणून तीन वह्यांत बंदिस्त केले जाते, ते तिन्ही विषय काव्यचर्चेच्या लागोपाठ दोन प्रकरणांत एका सूत्राने ओवलेले होते. वर्णापासून वाक्यापर्यंत अर्थ कसा घडतो, हे ते सूत्र.

पुढे विद्यांची वाटणी झाली. रोमन शिक्षणात व्याकरण एका गुरूकडे आणि वक्तृत्व दुसऱ्याकडे गेले. मध्ययुगीन युरोपातील विद्यालयांनी तीच वाटणी कायम केली. डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती आहेत. लॅटिनमध्ये आर्टिकल नसल्यामुळे रोमन वैयाकरणांनी ती जात वगळली, आणि आठ हा आकडा राखण्यासाठी केवलप्रयोगी अव्ययाला स्वतंत्र स्थान दिले. इंग्रजी व्याकरणकारांनी पुढे विशेषणाला नामापासून वेगळे काढले व धातुसाधिताला स्वतंत्र जात म्हणून ठेवले नाही. तरीही अनेक पाठ्यपुस्तकांत बेरीज आठच राहिली. १७६२ साली रॉबर्ट लोथ यांचे आणि १७९५ साली लिंडले मरे यांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. शाळांतून विशेषतः मरे यांच्या पुस्तकाचा फार मोठा प्रसार झाला, आणि नियम, उदाहरण, अभ्यास हा साचा रूढ झाला. आठ जातींची यादी ही निसर्गदत्त वस्तू नसून परंपरेने जतन केलेली सोय आहे, एवढे जरी विद्यार्थ्याला कळले, तरी तो यादीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागेल.

ज्या संज्ञा पाठ करावयाच्या त्या स्वतःच शब्दावयवांनी बनलेल्या आहेत, याकडेही सहसा लक्ष जात नाही. ‘प्रीपोझिशन’ म्हणजे आधी ठेवलेले. ‘कंजंक्शन’ म्हणजे एकत्र जोडणे. ‘हायपरबोली’ म्हणजे पलीकडे फेकणे. ‘मेटॅफर’ म्हणजे एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेणे. ग्रीक ‘मेटाफोरा’ या संज्ञेसाठी रोमन लेखकांनी ‘ट्रान्सलाशिओ’ हा शब्द घडविला, आणि त्याच शब्दापासून भाषांतरवाचक ‘ट्रान्सलेशन’ आले. या एका शब्दकुलात रूपक आणि भाषांतर यांचे नाते दडलेले आहे. दोन याद्या शेजारी ठेवल्या असत्या तर ते सहज दिसले असते. त्या वेगळ्या वह्यांत असल्यामुळे दिसत नाही.

३

शब्दावयवांच्या यादीचा उपयोग मोठा आहे. शास्त्रीय व वैचारिक इंग्रजीतील हजारो शब्द थोड्या ग्रीक-लॅटिन अवयवांतून बनले आहेत. मराठी परिभाषेने हीच युक्ती संस्कृत अवयवांच्या साहाय्याने केली : ‘टेलिफोन’ला ‘दूरध्वनी’, ‘बायॉलॉजी’ला ‘जीवशास्त्र’. ही रचना मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाची असल्यामुळे त्याला इंग्रजीतील शब्दसिद्धी परकी वाटण्याचे कारण नाही.

परंतु यादी जेथे अवयवाचा एकच अर्थ नोंदविते तेथे ती फसविते. लॅटिन ‘इन’ हा अवयव कधी अभाव दाखवितो, कधी ‘आत’ किंवा ‘कडे’ असा अर्थ देतो. ‘इनफ्लेमेबल’ या शब्दातील ‘इन’ अभावाचा मानला तर अर्थ नेमका उलटा होतो. जी वस्तू पेट घेते तीच न पेटणारी ठरते. इंग्रजीतील ‘अन’चीही तीच गत. विशेषणापूर्वी येणारा अभावदर्शक ‘अन’ हा संस्कृतातील ‘अ’ किंवा ‘अन्’ याचा सगोत्र आहे. उलट क्रियापदापूर्वी येऊन केलेली क्रिया उलटविणारा ‘अन’ वेगळ्या मुळापासून आला आहे. ‘अनहॅपी’मध्ये पहिला आहे, ‘अनटाय’मध्ये दुसरा. ‘अनलॉकेबल’ या शब्दात तर दोन्ही शक्यता एकत्र राहतात. ‘लॉकेबल’ आधी घडवून त्याला ‘अन’ लावला तर ‘ज्याला कुलूप लावता येत नाही ते’. ‘अनलॉक’ आधी घडवून त्याला ‘एबल’ लावला तर ‘ज्याचे कुलूप उघडता येते ते’. अवयव तेच, क्रमही तोच. भेद आहे तो कोण कोणाला आधी जोडला गेला याचा. म्हणजे शब्दाच्या आतही एक वाक्यरचना असते. ती व्याकरणाची बाब आहे, केवळ यादीची नव्हे.

शब्दमूल आणि आजचा अर्थ यांची गल्लत हा दुसरा धोका. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधील अज्ञानवाचक शब्दापासून निघाला. आज कोणी तो त्या अर्थाने वापरीत नाही. विद्वानांनाही ही गल्लत टाळता आलेली नाही. द्वितीया विभक्तीचे ग्रीक नाव ‘ज्यावर परिणाम घडविला गेला ते’ अशा आशयाचे होते; ते लॅटिनमध्ये आणताना त्यातील मूळ शब्द दोषारोपाचा समजला गेला आणि ‘ॲक्युझेटिव्ह’ ही संज्ञा रूढ झाली, असे सामान्यतः मानले जाते. व्याकरणाच्या वर्गात आजही म्हटले जाणारे हे नाव शब्दावयवाच्या चुकीच्या उकलीतून जन्मले, ही गोष्ट उजळणी करविणाऱ्याने अवश्य सांगावी.

४

तिन्ही विषय प्रत्यक्ष वाचनात कसे एकत्र येतात हे एका साध्या, मुद्दाम रचलेल्या वाक्यावरून पाहता येईल : ‘द रेस्टलेस रिव्हर अनमेड इट्स बँक्स.’ मराठीत त्याचा आशय ‘अस्वस्थ नदीने आपले काठ मोडून टाकले’ असा होईल. यादी पाठ केलेला विद्यार्थी या वाक्याखाली ‘पर्सनिफिकेशन’ असे लिहील आणि त्याचे उत्तर बरोबर ठरेल. परंतु नदीला चेतनत्व कोठून आले, या प्रश्नाला त्या उत्तरात जागा नाही.

वाक्यातील अवयव तपासले की ते कळते. ‘रेस्टलेस’मधील ‘लेस’ हा अवयव विसाव्याचा अभाव दाखवितो. ज्याला विसावा मिळू शकतो त्याच्याच बाबतीत त्याचा अभाव जाणवतो, म्हणून चेतनत्वाची पहिली छटा येथे आली. ‘अनमेड’मधील ‘अन’ हा क्रिया उलटविणारा आहे. जे घडविले तेच मोडता येते. म्हणून काठ हे नदीने पूर्वी स्वतः घडविले होते असा भाव त्या एका अवयवातून सुचतो. येथे ‘ब्रोक’ हे क्रियापद घातले असते तर पूर नुसता सांगितला गेला असता. स्वतःच्या निर्मितीवर उलटण्याचा अर्थ नाहीसा झाला असता. पुढे व्याकरणाचा भाग. ‘रिव्हर’ हे सकर्मक क्रियापदाचे कर्तृपद आहे, आणि कर्तृत्वाचे सारे वजन त्या स्थानामुळे नदीवर पडते. हेच वाक्य कर्ता वगळून ‘पॅसिव्ह’मध्ये फिरविले तर काठ मोडल्याची वार्ता शिल्लक राहते, मोडणारी नदी नाहीशी होते. शेवटी ‘इट्स’ हे सर्वनाम. तेथे स्त्रीलिंगी सर्वनाम घातले असते तर नदी पूर्ण व्यक्ती झाली असती. नपुंसकलिंगी सर्वनामाने वाक्य त्या टोकापर्यंत जाण्याचे थांबते. म्हणजे चेतनारोप येथे आहे, पण आवरलेला आहे.

यावरून असे दिसते की वाङ्मयीन संज्ञा ही निष्कर्षाचे नाव आहे. तिचे पुरावे शब्दावयवांत आणि वाक्यरचनेत असतात. निष्कर्षाचे नाव पाठ आणि पुरावा अज्ञात, अशी स्थिती झाली की टीका लेबलांचा व्यवहार बनते. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे वगळून कविता दिल्या व त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचे विश्लेषण १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात मांडले. कवितेचा साधा अर्थ लावण्यातही सुशिक्षित वाचक अडखळतात, असे त्यातून दिसून आले. संज्ञांचे ज्ञान आणि वाचनाचे सामर्थ्य या दोन भिन्न वस्तू आहेत, ही शिकवण त्या ग्रंथातून आजही घेता येते.

५

मराठी भाषक विद्यार्थ्याची अडचण येथे दुप्पट होते, कारण त्याच्याजवळ दुसरी, तितकीच प्रौढ परिभाषा आधीपासून असते, आणि उजळणीच्या घाईत दोन परिभाषांमध्ये बरोबरीचे चिन्ह मांडले जाते. मेटॅफर म्हणजे रूपक, प्रीफिक्स म्हणजे उपसर्ग, प्रोनाउन म्हणजे सर्वनाम, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. यांपैकी एकही समीकरण पूर्ण खरे नाही.

मम्मटाच्या व्यवस्थेत रूपकामध्ये उपमेय आणि उपमान दोन्ही शब्दांनी सांगितलेली असून त्यांचा अभेद कल्पिलेला असतो. उपमेय उपमानाने गिळून टाकले की तो अतिशयोक्तीचा एक प्रकार होतो. इंग्रजी मेटॅफर या दोन्ही प्रांतांवर पसरलेला आहे. शालेय मराठी व्याकरणात मात्र अतिशयोक्ती म्हणजे केवळ फुगवून सांगणे, म्हणजेच ‘हायपरबोली’, असा अर्थ रूढ झाल्यामुळे जुन्या व्यवस्थेतील हा सूक्ष्म भेद विद्यार्थ्याच्या दृष्टीआड जातो. अनुप्रासाचेही तसेच. अलिटरेशन हे जुन्या इंग्रजी काव्यात ओळीला बांधून ठेवणारे छंदाचे अंग होते आणि ते आघातयुक्त अक्षराच्या आरंभीच्या वर्णावर अवलंबून असे. अनुप्रासाला आघाताशी असे कर्तव्य नसते.

उपसर्गांची संस्कृत यादी बावीसांची असून ते क्रियेशी जोडले जातात. अभावदर्शक ‘अ’ त्या यादीत नाही. तेव्हा सर्व पुढील अवयवांना सरसकट उपसर्ग म्हणणे सोयीचे असले तरी शास्त्रशुद्ध नव्हे. पाणिनीय परंपरेतील सर्वनाम म्हणजे ‘सर्व’ या शब्दाने आरंभ होणारा, विशिष्ट रूपे घेणारा शब्दगण. त्यात इंग्रजी दृष्टीने विशेषण ठरतील असे शब्दही येतात. ‘प्रोनाउन’चा अर्थ नामाच्या जागी येणारा शब्द. मराठीत दुसरा अर्थ पहिल्या नावाखाली नांदत आहे. प्रीपोझिशनच्या जागी मराठीने मात्र ‘शब्दयोगी अव्यय’ ही संज्ञा वापरली, हे योग्यच झाले. ‘घरासमोर’ या शब्दात ‘समोर’ नामाच्या मागून येते, त्यामुळे ‘आधी ठेवलेले’ हे नाव त्याला शोभले नसते.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण प्रयोगाचे. ‘नदीने काठ मोडले’ या वाक्यात क्रियापद काठांच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून ते कर्मणी. परंतु अर्थदृष्ट्या ते इंग्रजी पॅसिव्हसारखे मुळीच नाही. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ सांगण्याची ती मराठीची सरळ रीत आहे, आणि नदीचे कर्तृत्व तीत पुरेपूर शाबूत आहे. ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ असे पाठ केलेला विद्यार्थी हे वाक्य इंग्रजीत नेताना विनाकारण पॅसिव्ह करील आणि वर पाहिलेला चेतनारोप नष्ट करून टाकील. तसेच मराठीत नदी ही व्याकरणानेच स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘ती’ या सर्वनामाने नदीचे मानवीकरण सिद्ध होत नाही. इंग्रजीत जो पुरावा निर्णायक, तोच मराठीत निरर्थक. संज्ञा एका भाषेतून दुसरीत नेता येते. पुराव्याचे नियम प्रत्येक भाषेचे स्वतःचे असतात.

हा केवळ इंग्रजीच्या परीक्षेपुरता प्रश्न नाही. मराठी टीकालेखन दीर्घकाळ या दोन परिभाषांच्या आधाराने चालले आहे. समीकरणे तपासल्याविना वापरली गेली तर मराठी कवितेविषयी काढलेले निष्कर्ष नकळत इंग्रजी व्याकरणाच्या गृहीतांवर उभे राहतात.

६

व्याकरणाची सुटी उजळणी लेखन सुधारण्यासाठी उपयोगी पडते काय, याचा शोध परदेशांत पुष्कळ झाला आहे. १९६३ साली अमेरिकेत ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स व शोअर यांनी लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेतला. औपचारिक व्याकरण शिकविल्याने लेखनावर होणारा इष्ट परिणाम नगण्य असतो. उलट, लेखनाच्या सरावाचा वेळ ते व्याकरण खात असल्यास अपायच संभवतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१३ पासून इंग्लंडमधील प्राथमिक शाळांच्या शेवटच्या वर्षी व्याकरण, विरामचिन्हे व वर्णलेखन यांची स्वतंत्र चाचणी सुरू झाली. त्याच सुमारास एक्सेटर विद्यापीठातील डेब्रा मायहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, व्याकरण लेखनाच्या संदर्भातच, अर्थनिर्मितीचे साधन म्हणून शिकविल्यास लाभ होतो असे आढळले. मात्र तो लाभ आधीच चांगले लिहिणाऱ्यांस अधिक झाला. या दोन निष्कर्षांत विरोध नाही. पहिला सुट्या व्याकरणाविषयी आहे, दुसरा जोडलेल्या व्याकरणाविषयी. दुर्बल विद्यार्थ्याला जोडणीचा लाभ कसा पोचवावा, हा प्रश्न मात्र त्यातून उघडा राहतो, आणि येथील अध्यापकाने त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

त्या विचारास लागणारे साधन भारतीय काव्यशास्त्रात आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात विभक्तिप्रत्यय, क्रियापदाचे प्रत्यय, वचन, कारक, कृत्, तद्धित, समास अशा व्याकरणाच्या लहान लहान घटकांतूनही ध्वनी प्रतीत होतो, असे दाखविले. ‘ध्वनी’ ही संज्ञाच त्याने वैयाकरणांकडून घेतली. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त वक्रतेच्या सहा पायऱ्या सांगितल्या : वर्णांची योजना, पदाचा पूर्वभाग, पदाचा प्रत्ययभाग, वाक्य, प्रकरण आणि प्रबंध. यांतील दुसरी व तिसरी पायरी म्हणजे शब्दावयवच होत. चौथीत अलंकारांचा समावेश होतो. वर्गातील तीन याद्या येथे एकाच जिन्याच्या पायऱ्या झालेल्या आहेत. संस्कृत काव्यशास्त्र वेगळ्या विषयपत्रिकेत आणि इंग्रजी संज्ञा वेगळ्या विषयपत्रिकेत, अशी विभागणी असल्यामुळे कुंतकाचा उपयोग इंग्रजी वाक्य वाचण्यासाठी होऊ शकतो, हे सहसा सुचत नाही. वास्तविक ‘अनमेड’मधील ‘अन’ किंवा ‘रेस्टलेस’मधील ‘लेस’ यांचे सामर्थ्य ओळखावयास कुंतकाची दृष्टी अगदी अनुरूप आहे.

तात्पर्य, याद्या टाकून द्याव्यात असे नव्हे. त्या पाठ कराव्यात, परंतु उजळणीचा तास याद्यांवर संपू नये. एक वाक्य फळ्यावर मांडावे. त्यातील एक अवयव बदलावा आणि अर्थ कोठे हलला ते विचारावे. मग कर्त्याचे स्थान बदलावे. शेवटी तेच वाक्य मराठीत नेऊन कोणता पुरावा टिकला आणि कोणता गळाला ते पाहावे. संज्ञेचे नाव या साऱ्यानंतर द्यावे. अशा रीतीत दुर्बल विद्यार्थ्याचीही अडचण कमी होते, कारण अवयव बदलला की अर्थ बदलतो हे त्याला समोर दिसते, आणि मराठीतील आपले ज्ञान येथे ओझे नसून तुलनेचे साधन आहे हेही उमगते. प्रश्नपत्रिकेनेही त्याला साथ दिली पाहिजे. ‘मेटॅफरची व्याख्या देऊन उदाहरण लिहा’ या प्रश्नाऐवजी ‘पुढील वाक्यातील कोणत्या शब्दावयवामुळे व कोणत्या रचनेमुळे हा अलंकार सिद्ध होतो ते दाखवा’ असा प्रश्न घातला, तर वर्गातील उजळणीचे स्वरूप पालटावयास फार काळ लागणार नाही.